पावणेपाच नंबरच्या टोळीतले विसूमहाराज

अलीकडे आमच्या अमरावतीत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर एक लग्न फिरून राहिलं आहे. जुना, रंग उडालेला सिनेमा. पडद्यावर उभ्या रेघा. नवरदेवाची पँट खालून इतकी रुंद की तिच्यात दोन बकऱ्या सुखानं उभ्या राहतील. आणि मधोमध एक उंच, हाडकुळा भटजी. तो डोळे मिटून ओठ हलवतो आणि आवाज येतो, "ओम भुर्रर्र स्वाहा, चहा-पोहा स्वाहा." मग लोक हसतात. माझी नातसून हसते, तिची माय हसते, किराणा दुकानदार तर हसता हसता माझी साखर तोलायची विसरला. सगळे मला हौसेनं दाखवतात, आबाजी, हे पाहा. मी म्हणतो, पाहिलं आहे. ते लग्न लागलं तेव्हा मी तिथं उभा होतो. मग ते मोबाइल खिशात घालतात. म्हाताऱ्यानं 'मी तिथं होतो' म्हटलं की पुढं काय ऐकावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पण कागद पळून जात नाही, म्हणून कागदावर लिहितो. माझं शिक्षण चौथी. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरचं आणि माझं पटलं नाही. चूक मास्तरची होती. शुद्धलेखन छापणाऱ्यानं सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

तो भटजी नट नव्हता. ते विसूमहाराज. अंबादेवीच्या देवळामागच्या गल्लीत राहत, आणि लग्नं, मुंजी, वास्तुशांती लावत. आमच्याकडे भटजीला महाराज म्हणतात. विसूमहाराजांना मात्र लोक महाराज म्हणायचे ते थोडं घाबरून. अंगात बाराही महिने काळी बंडी. मे महिन्यात वऱ्हाडात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हाही ती बंडी अंगातच. सायकलच्या दांड्याला पिशवी, पिशवीत पळी-पंचपात्र. पोथी नाही. पोथी लागते तो भटजी कच्चा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं ते पोथी उघडून बसलेल्या भटजीच्या तोंडावर सांगत.

त्यांची एक रीत होती. यजमानानं 'महाराज, जरा लवकर आटपता का' म्हटलं, की ते थांबायचे, पाणी प्यायचे, आणि पहिल्यापासून सुरू करायचे. रागानं नव्हे. अगदी शांतपणे, जणू यजमानानं तीच इच्छा सांगितली आहे. कॅम्पातल्या एका वकिलाच्या वास्तुशांतीत वकिलानं घड्याळ पाहिलं. तोंडानं बोलला नाही, नुसतं पाहिलं. महाराजांनी पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवशी वकिलाच्या घरी दुपारचं जेवण दिवेलागणीला झालं. तरी पुढच्या कार्याला त्यानं विसूमहाराजांनाच बोलावलं, कारण शहरात बोललं जाई की यांच्या तोंडून एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. खरं की खोटं, वकिलाला काय कळणार. त्याला कायद्यातलंसुद्धा किती कळत होतं, ते मी त्याची गाडी दुरुस्त करताना ऐकलेलं आहे.

दुसऱ्याच्या लग्नातही त्यांना गप्प बसवत नसे. वरूडला एका संत्रावाल्याकडे मी त्यांना पाहुणे म्हणून जीपमधून घेऊन गेलो होतो. बागा मोठ्या, मांडव मोठा, दाराशी संत्र्याचे ट्रक धुऊन-पुसून वऱ्हाडी मंडळींसाठी उभे. लग्न तिथलाच एक महाराज लावत होता. आमचे महाराज मागं खुर्चीवर सरबताचा गिलास घेऊन. एकाएकी गिलास माझ्या हातात देऊन उठले, थेट बोहल्यापाशी गेले आणि त्या महाराजाला म्हणाले, "हे तुमी गिळलं. बाहेर काढा."

सगळ्या मांडवाला वाटलं की याच्या तोंडात पेढा-बिढा आहे. गिळला होता तो एक शब्द. महाराजांनी त्याला तो विधी पुन्हा करायला लावला. संत्रावाला माझ्याकडे आला आणि विचारलं, "या मानसाले कोनं आनलं?" मी म्हटलं, स्वतःच्या पायानं आले. त्यानंतर वरूडच्या बाजूनं आम्हा दोघांनाही लग्नपत्रिका येणं बंद झालं. महाराजांना त्याचं काही नव्हतं. मला होतं, तिथलं जेवण चांगलं असायचं.

आणि या माणसाला मी हसताना कधी पाहिलं नाही. विनोद सांगितला तर शेवटपर्यंत ऐकायचे आणि विचारायचे, "मग पुढं त्याचं काय झालं?"

अशा माणसानं विनोदी सिनेमात काम केलं, ते असं.

तेव्हा मी अकोटच्या एका जिनिंगवाल्या शेठकडे जीपवर ड्रायव्हर होतो. शेठचा मेहुणा मुंबईला चार वर्षं स्टुडिओंच्या फाटकांबाहेर काढून परत आला आणि आल्या आल्या त्यानं जाहीर केलं की आपण सिनेमा काढतो आहोत. शेठ बायकोला भीत असे. सिनेमा निघाला. नाव, 'टोळी नंबर पावणेपाच'. मुंबईतले चार उनाड पोट्टे आणि एक कुत्रं. कुत्र्याला पाऊण धरलं होतं. विनोद इथूनच सुरू होतो, असं मेहुणा सांगे. मला विचाराल तर इथंच संपतही होता.

मुंबईला जाणं परवडत नव्हतं, तेव्हा मुंबईला अमरावतीत आणलं. वडाळीचा तलाव म्हणजे समुद्र. कॅमेरा जरा डावीकडे वळला तर समुद्रात म्हशी दिसायच्या, म्हणून समुद्राचं सगळं काम उजवीकडे तोंड करून. रेल्वेचा सीन बडनेऱ्याला. करोडपतीचा बंगला म्हणजे कॅम्पातल्या त्याच वकिलाचं घर. मुंबईचे गुंड म्हणजे आमच्या राजकमल चौकात पानठेल्यावर उभे राहणारे पोट्टे. ते 'मला-तुला' म्हणायला शिकवलं तरी ऐन वेळी 'मले-तुले'च म्हणायचे. मेहुणा म्हणे, बोलू द्या काहीही, आवाज नंतर भरायचा आहे. हे 'आवाज नंतर भरायचा आहे' त्याच्या तोंडी इतकं बसलं होतं की शेठनं हिशेबाला बसवलं तरी तो तेच सांगेल असं वाटे.

नायक राजा म्हणून एक देखणा, रिकामा मुलगा होता. नायिका अकोल्याची, एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची मुलगी. नाटकांत कामं केलेली, बक्षिसं मिळवलेली, वळणाची पोरगी. तिला इथं सुमन म्हणतो. ते तिचं नाव नव्हे. उगाच शोधत बसू नका.

सिनेमात पोट्टे करोडपतीला फसवायला एक खोटं लग्न लावतात, आणि टोळीतला एक जण भटजीचं सोंग घेतो, असा प्रसंग होता. हे काम करणारा पोट्टा एस.टी.त कंडक्टर. नेमकी त्या दिवशी त्याला अकोट गाडीची ड्यूटी लागली. वकिलाच्या अंगणात मांडव घातलेला, सगळी मंडळी रंग लावून बसलेली आणि भटजीच नाही. विसूमहाराज तिथं होते ते नारळ फोडायला, कारण शेठ नव्या जागी पूजा केल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण काढू देत नसे. पूजा झाली होती, महाराज सायकलला पिशवी अडकवत होते. तेवढ्यात मेहुणा एका लाइटवाल्याला धोतर नेसवून शिकवत असलेला त्यांनी ऐकला, की काहीही बडबड, आरती म्हण, पाढे म्हण, आवाज नंतर भरायचा आहे.

महाराजांनी सायकल पुन्हा भिंतीला लावली.

"काहीही म्हंजे काय?" ते म्हणाले. "लग्न लावून राहिले का भाजी विकून राहिले?"

मेहुण्यानं समजावलं की महाराज, हे लग्न खोटं आहे.

"लग्न खोटं असू द्या. मंत्र खोटे कसे असतील?"

मेहुणा मुंबईला राहिलेला माणूस. त्याच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागत नसे. त्यानं लाइटवाल्याचं धोतर सोडवलं आणि महाराजांना पाटावर बसवलं. तेव्हा सिनेमात असं झालं आहे की टोळीतला तो पोट्टा इतर सगळीकडे बुटका आणि काळा आहे, आणि भटजीचं सोंग घेतलं की हातभर उंच होतो आणि गोरा पडतो. लोक वेषांतर बेमालूम आहे म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. महाराजांनी डोळे मिटले, सुरुवात केली, थोडं पुढं गेले, डोळे उघडले आणि मुलीला विचारलं, "गोत्र?"

मेहुणा कॅमेऱ्यामागून ओरडला की गोत्र-बित्र नको, पुढं चला. महाराज ढिम्म. गोत्राशिवाय पुढं कसं जाणार? सुमन चांगल्या घरची पोरगी. भटजीनं गोत्र विचारलं की सांगायचं, हे तिच्या हाडात. तिनं आपलं खरं गोत्र सांगितलं. राजाला विचारलं, तर त्याला गोत्र म्हणजे काय तेच माहीत नाही. त्याचा मामा शूटिंग पाहायला कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसला होता. भाच्याची अडचण पाहून त्यानं भिंतीवरूनच ओरडून गोत्र सांगितलं. वर आईचं, आजीचं नावही सांगितलं, नको असताना.

लग्न पुढं चाललं. मेहुण्याला हवं होतं तेवढं झालं, तेव्हा त्यानं 'कट' म्हटलं. कॅमेऱ्यावर फडकं पडलं. महाराज सुरूच. मेहुणा जवळ येऊन म्हणाला, झालं महाराज, उठा. महाराजांनी डोळे न उघडता हातानं त्याला बाजूला हो म्हणून खुणावलं. राजा उठायला लागला, तर त्याच्या उपरण्याची गाठ धरून त्याला खाली बसवला. पलीकडे पुरी-भाजी आणि बुंदी निवत होती. कुणाची 'लवकर आटपा' म्हणायची हिंमत झाली नाही. तसं म्हटलं की काय होतं, ते वकिलानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सप्तपदी झाली, सातही पावलं. अक्षता वाटल्या, शेठनंही टाकल्या, मीही टाकल्या. मग सगळे जेवले. सुमननं तोंडाचा रंग पुसला आणि संध्याकाळच्या गाडीनं ती अकोल्याला गेली. हसत गेली. कुणाच्या मनात काही आलं नाही. महाराजांच्या मनात तेवढं समाधान, की अर्धवट सोडलं नाही.

मग आवाज भरले. महाराजांच्या तोंडी मेहुण्यानं स्वतःचा आवाज घातला, तोच चहा-पोहा. आज तुम्ही हसता तो मेहुणा आहे.

अमरावतीत सिनेमा आठवडाभर चालला. लोक हसायचे, पण मेहुण्यानं ठरवलेल्या जागी नव्हे. कुत्र्यानं मात्र चांगलं काम केलं आहे, ते मी मान्य करतो. अकोल्याला लावायचा म्हटल्यावर मेहुण्याच्या डोक्यात पुन्हा उजेड पडला. त्यानं एका सायकल रिक्षावर भोंगा बांधला आणि सगळ्या अकोल्यात ओरडत फिरवला: या, पाहा, खऱ्याखुऱ्या महाराजांनी, खऱ्याखुऱ्या मंत्रांनी लावलेलं खरंखुरं लग्न.

सुमनचं तेव्हा लग्न ठरलं होतं. घर अकोल्याचंच, कापसाच्या व्यापारातलं, माणसं मोठी. मुलानं तिला नाटकात पाहिलं होतं आणि स्वतः होऊन मागणी घातली होती. तिलाही तो मनापासून हवा होता. गुरुजींच्या घरानं एवढं मोठं सुख आधी पाहिलं नव्हतं. आपली होणारी सून पडद्यावर दिसणार म्हणून ते अख्खं घर थेटरात जाऊन बसलं. जाताना भोंगा ऐकला, येताना मुलाच्या मोठ्या काकांनी चौकशी केली. मामानं भिंतीवरून सांगितलेल्या गोत्रासकट सगळं बाहेर आलं. कॅमेरा चालू होता तोवर नाटक; पण कॅमेरा बंद झाल्यावर जे झालं, ते काय होतं? हा प्रश्न मोठ्या काकांनी काढला. कायद्यानं यात काही नाही, असं कॅम्पातला वकील सांगत होता, पण कायद्याला कोण विचारतो. राजाला विचारलं, तर तो म्हणाला, "मले काय, कसंबी चालते." अशा मुलांचं पुढं चांगलंच होतं. त्यानं वीटभट्टी टाकली.

गुरुजी अमरावतीला आले आणि महाराजांच्या ओसरीवर बसले. सगळं सांगितलं. काका म्हणत होते की त्या महाराजांनी येऊन सांगावं, मंत्र बरोबर होते की नव्हते. बरोबर असतील तर ही मुलगी दुसऱ्याची. नसतील तर सोंग होतं, सोडून देऊ. म्हणजे पाहा, महाराज खरे ठरले तर पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधी मोडतो. पोरीचा संसार राहायचा, तर महाराजांनी भर बैठकीत सांगायचं, की ज्या एका गोष्टीवर माझं पोट आहे, तीच मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना जीपमधून अकोल्याला नेलं. एरवी गाडीत बसले की त्यांचं काहीतरी म्हणणं सुरू व्हायचं, चाल धरून, इंजिनाच्या वर आवाज चढवून. इतक्या वर्षांत मला अर्थ कळला नाही, पण कान लागला होता. इंजिनाचा सूर बदलला की आम्हाला जसं कळतं, तसं यांचं कुठं चढतं, कुठं उतरतं ते कळायचं. त्या दिवशी गप्प. मूर्तिजापूरला चहा घेताना एवढंच विचारलं, "किसना, चुकीच्या गेरात गाडी चालते काय रे?"

मी म्हटलं, "चालते महाराज. पण लय बोंबलते."

त्यांनी मान हलवली आणि राहिलेला चहा ओतून दिला.

गुरुजींच्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजीवर ती मंडळी बसली होती. मोठे काका, मुलगा, आणि पारख करायला त्यांनी बरोबर आणलेले अकोल्याचे एक शास्त्रीबुवा, गळ्यात सोन्याची साखळी. मी दाराशी चपलांजवळ. सुमन आतल्या दारात उभी. रडून झालेलं होतं, ते दिसत होतं, पण मान वर होती. काकांनी प्रश्न विचारला. महाराज काही बोलायच्या आत तीच बोलली.

"महाराज, माझ्यासाठी खोटं बोलू नका. जे झालं असेल तेच सांगा."

गुरुजींनी डोळे मिटले. मुलगा सतरंजीकडे पाहत होता. विसूमहाराजांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या घरात आपल्यासारखंच डोकं असलेलं एक माणूस आहे, हे त्यांना तेव्हा दिसलं.

"तेच सांगायला आलो," ते म्हणाले. "चुकलो होतो."

शास्त्रीबुवा पुढं सरकले. कुठं चुकलात?

"तिसऱ्या पावलाला."

"म्हणून दाखवा. जसं तेव्हा म्हटलं, तसं."

महाराजांनी सुरू केलं आणि त्यांच्या तोंडून बरोबर निघालं. मला दाराशी कळलं, चढायचं तिथं चढलं, उतरायचं तिथं उतरलं. शास्त्रीबुवांनी भुवया वर केल्या. महाराज थांबले, पाणी मागितलं. पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा जीभ आपल्या जुन्या वाटेनं गेली. कपाळावर घाम. उभ्या आयुष्यात हा माणूस चुकून कधी चुकला नव्हता, आता ठरवून चुकायचं होतं आणि ते त्याला येत नव्हतं. तिसऱ्या वेळी मधेच कुठंतरी त्यांनी जीभ दातात धरल्यासारखी केली, आणि काहीतरी तुटकं, वाकडं बाहेर आलं.  गेर पडताना दाते घासतात तसा तो आवाज.

शास्त्रीबुवांना काय कळायचं ते कळलं होतं. तो मूर्ख नव्हता, नुसता वाईट होता. तो हसून काकांना म्हणाला, चुकलेत, साफ चुकलेत, हे लग्न कसलं. मग महाराजांना म्हणाला, "एवढं साधं येत नाही, अन् वरूडात लोकांची लग्नं थांबवता?" म्हणजे वरूडची बातमी तिथवर पोचली होती.

महाराज उठले, माझ्याजवळच्या चपला पायांत सरकवल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. 

सुमनचं लग्न झालं आणि चांगलं झालं. इकडे शास्त्रीबुवांनी ही गोष्ट मन लावून सांगितली. पहिल्यांदा कॅम्पातल्या वकिलानं महाराजांना बोलावणं बंद केलं. मुलाच्या मुंजीला अकोल्याहून शास्त्रीबुवाच आणले, जाण्यायेण्याच्या गाडीसकट. मग बाकीचे. यातल्या एकालाही बरोबर मंत्र आणि चुकलेला मंत्र यातला फरक सांगता आला नसता, पण शिकलेल्या माणसाला कळावं लागत नाही, त्याला कळवलं की पुरतं. मी नांदगाव खंडेश्वरचा. आमच्या बाजूच्या खेड्यांत मी महाराजांना न्यायला लागलो. सत्यनारायण, वास्तू, एखादं लग्न. तिथं लोक पूजा चालू असताना ट्रॅक्टर दुरुस्त करायचे आणि मधेच 'आटपा हो महाराज' म्हणायचे. महाराज पहिल्यापासून सुरू करत नसत. आटपायचे.

ते बदलले ते एवढंच. कुणाच्या लग्नात कुणी काही गिळलं, तर पुन्हा कधी उठले नाहीत. मी शेजारी बसलेलो असायचो. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळायचा, सैल पडायचा. कोणत्या तोंडानं उठणार? त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला अकोल्याबद्दल कधीच विचारलं नाही. हा माणूस झोपेतसुद्धा चुकत नाही, हे त्या आयुष्यभर ऐकत आल्या होत्या.

एकदाच बडनेऱ्याला फलाटावर सुमन भेटली. नवरा, पोरं, सामान, भरलेलं घर. गर्दीतून वाट काढत आली आणि महाराजांच्या पाया पडली. नुसती नमस्कार करून उठली नाही, डोकं टेकवून राहिली. गाडी येत असल्याचं सांगत होते तरी राहिली. काय कळलं होतं तिला, कधी कळलं होतं, देव जाणे. नवरा भला माणूस होता. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हेच ना ते, चुकलेले महाराज? मी म्हटलं, हाव, हेच. दुसरं काय म्हणणार? त्याच्याच संसारावरचं छप्पर होतं ते.

मग वर्षं गेली. शेठ गेला, मेहुणा गेला, शास्त्रीबुवाही गेला, त्याच्या नावाची एक कमान उभी आहे. आणि तो सिनेमा कुठून तरी निघून मोबाइलवर आला. कॉलेजातली एक पोरगी त्यावर काहीतरी तयार करत होती. जुन्या सिनेमावर नवा सिनेमा, असं काहीसं. ती माझा पत्ता काढत आली, मी तिला महाराजांकडे घेऊन गेलो. ऐंशीच्या पुढं गेलेले, कानानं ठीक, बंडी तीच. वहिनी नव्हत्या आता. पोरगी अंगणात तीन पायांवर कॅमेरा उभा करत होती, तेवढ्यात मी महाराजांच्या कानाशी लागलो. म्हटलं, "आता तरी सांगून टाका. तुमचे ओठ दिसून राहिले त्या सिनेमात. जानकार मानूस आवाज बंद करून पाहीन तं त्याले समजते, तुमी काय म्हनलं ते. तुमचं नाव धुऊन निघते."

"ते मी पाहिलं," महाराज म्हणाले. "अकोल्याच्या बाई आहेत ना अजून?"

"आहेत. नातवंडं झाली त्यायले. नवरा गेला मागच्या साली."

"मग," ते म्हणाले, आणि बंडीची बटणं लावायला लागले.

मी चिडलो. आजही चिडलेला आहे. या वयात बाईला आता कोण बोल लावणार होतं? पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्याहून हट्टी मी एवढा एकच माणूस पाहिला.

पोरगी गोड होती. तिनं सिनेमाचं सगळं विचारलं. कुत्रं कुणाचं होतं, वडाळीचा समुद्र कसा केला. महाराजांनी बरोबर उत्तरं दिली, न हसता, आणि ती हसत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही खरे गुरुजी होतात ना? मग त्या सीनमध्ये खरे मंत्र म्हटले होते का?"

"म्हणायला गेलो," ते म्हणाले. "चुकलो. तिसऱ्या पावलाला."

"म्हणून दाखवाल?"

मी खांबाला टेकून उभा होतो. महाराजांनी डोळे मिटले, सुरू केलं, आणि तिसऱ्या पावलाला आले. या वेळी ना पाणी, ना घाम, ना अडखळणं. अकोल्याला जे दाते घासत बाहेर आलं होतं, तेच वाकडं, तेच तुटकं, आता लोण्यासारखं निघालं. जणू लहानपणापासून तसंच पाठ केलं आहे. इतकी वर्षं खेड्यापाड्यांतून फिरताना, की रात्री पडल्या पडल्या, कधी हे त्यांनी घोटून घोटून बसवलं, मला माहीत नाही. कुणी विचारलं तर पुन्हा शंका यायला नको, एवढ्यासाठी.

पोरगी म्हणाली, "किती क्यूट," आणि कॅमेरा बंद केला.

महिन्याभरात महाराज गेले. चार महिन्यांनी अकोल्याच्या बाईही गेल्या. आता मला कुणाची बांधिलकी नाही, म्हणून लिहिलं. विसूमहाराज चुकले नव्हते. मी तिथं होतो.

मला ते शेवटचे दिसले ते त्याच दिवशी. पोरगी वायरी गुंडाळत होती. महाराज भिंतीला हात लावत अंगणातल्या नळाशी गेले, वाकले आणि तोंड धुवायला लागले. चुळा भरून टाकत होते, चुळीवर चूळ, थांबेचनात. काळी बंडी छातीवर भिजली, नळाखालचा दगड भिजला.

पोरीनं तिकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "आजोबांना पानाची सवय आहे का?"

मी म्हटलं, "हाव, लय."

त्या माणसानं जन्मात कधी पान खाल्लं नव्हतं.